‘काऊन, आज हाफ डे का?’ : ऑफिसचं कल्चर म्हणजे नेमकं असतं काय

२०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचा ९० तासवाला व्हिडिओ फिरला, त्यात घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार असंही होतं, मग काय, चार दिवस मीम्सच मीम्स. या दोघांच्या मधे, २०२४ मध्ये, पुण्यात एका मोठ्या अकाउंटिंग कंपनीत लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सगळ्यांच्या फोनवर पोचलं. आईचं म्हणणं, कामाच्या ओझ्यानं झालं. कंपनीला ते मान्य नव्हतं.

दर वेळी चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी येते, वर्क कल्चर. टॉक्सिक कल्चर, चांगलं कल्चर, ‘आमच्याकडे कल्चरच नाही’. मी नागपुरात छोट्या-मध्यम कंपन्यांचं एचआरचं काम बाहेरून बघतो, हिंगणा, बुटीबोरी, मिहान अशा इथल्या औद्योगिक भागांत फिरणं चालू असतं, आणि लोक हमखास विचारतात, “भाऊ, पगार समजते, सुट्ट्या समजतात, हे कल्चर असते तरी कुठं? दिसत तर नाही.” प्रश्न बरोबर आहे. एचआरवाल्यांना (म्हणजे आम्हालाच) विचारलं तर आम्ही पीपीटी काढतो, त्यात डोंगर चढणाऱ्या माणसांचा फोटो असतो. म्हणून इथं पीपीटीशिवाय सांगून बघतो.

आधी हे असतं काय ते

रात्रीचे अकरा वाजलेत, चौकात सिग्नल लाल आहे, पोलीस नाही, समोर रस्ता रिकामा. बाहेरगावहून नुकताच आलेला एखादा पोट्टा गाडी थांबवतो. लगेच मागून हॉर्न. एक, दोन, तीन, आणि मग बाजूनं निघून जाणारा मान वळवून असा बघतो की जसं काही यानंच रस्ता अडवलाय. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्याभरात पोट्टा थांबणं सोडतो, आणि दोन महिन्यांनी समोर कोणी थांबलं की हाच हॉर्न मारतो. त्याला कोणी ट्रेनिंग दिलं नाही, कायदा बदलला नाही, लाल दिवा लालच आहे.

ऑफिसमधलं कल्चर म्हणजे हा मागून येणारा हॉर्न. जरा नीट सांगायचं तर, एकत्र काम करता करता लोकांनी शिकलेले न लिहिलेले नियम, म्हणजे इथं काय चालतं, काय चालत नाही, कोणासमोर काय बोलायचं आणि काय गिळायचं, आणि जे नवीन माणसाला कोणी शिकवत नाही पण तो महिन्याभरात शिकतोच. पगार, सुट्ट्या, कामाचे तास या पॉलिसीच्या गोष्टी झाल्या, त्या कागदावर मिळतात. त्या कागदाचं प्रत्यक्षात काय होतं ते कल्चर ठरवतं. वर्षाला १८ रजा आहेत हे कागदावर असतं, त्यातल्या किती मागायची हिंमत होते हे कागदावर नसतं.

तीन थर, आणि खालचा थर का महत्त्वाचा

या विषयात सगळ्यात जास्त घेतलं जाणारं नाव एडगर शाईन यांचं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकवायचे, मानसशास्त्राचे माणूस, २०२३ मध्ये वारले. १९८० च्या दशकात त्यांनी जे मांडलं ते अजूनही सगळे वापरतात, की कल्चर तीन थरांत असतं. वरचा थर डोळ्यांना दिसतो, म्हणजे ऑफिस कसं आहे, लोक कपडे काय घालतात, साहेबांना नावानं हाक मारतात की ‘सर’ म्हणतात, केबिनला दार आहे का. मधला थर म्हणजे कंपनी स्वतःबद्दल जे सांगते ते, ‘ग्राहक देवो भव’, ‘सेफ्टी फर्स्ट’, ‘आमचे कर्मचारी हीच आमची संपत्ती’. आणि तिसरा, सगळ्यात खालचा, म्हणजे अशी गृहीतं जी लोकांना स्वतःलाही माहीत नसतात की आपण धरून चाललोय.

वरचे दोन थर बघून कोणीही फसतो. मिहानमध्ये काचेची बिल्डिंग, बीनबॅग, फुटबॉलचं टेबल असलेली ऑफिसं आहेत आणि तिथं त्या टेबलावर खेळताना मॅनेजरला दिसलेला माणूस अप्रेझलच्या (वर्षाच्या कामाचं मोजमाप) वेळी ‘फ्री दिसतो’ म्हणून लक्षात राहतो. हे शिकायला एकाच माणसाचं तसं होणं पुरतं, बाकीच्यांना टेबल दिसतच नाही मग.

शाईन यांचा खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे आणि तो लोक विसरतात. खालच्या थरातली गृहीतं मूर्खपणातून आलेली नसतात, कधी तरी ती उपयोगी पडलेली असतात म्हणूनच टिकतात. एक नेहमी दिसणारा नमुना सांगतो. हिंगण्याला कोणी तरी तीस वर्षांपूर्वी दोन लेथ मशीन घेऊन शेड टाकली. बँकेचं कर्ज, उधारीवर माल, पार्टी पैसे देईना. मालकानं तेव्हा प्रत्येक बिल स्वतः तपासलं, प्रत्येक रुपया स्वतःच्या सहीनं सोडला, आणि त्यामुळेच कंपनी वाचली, बाजूच्या दोन शेड बंद पडल्या तरी ही वाचली. आता तिथं दोनशे माणसं आहेत, सीएनसी मशीन आहेत, एक्स्पोर्ट आहे, आणि कॅन्टीनच्या चहापत्तीचं पाकीट अजूनही मालकाच्या सहीशिवाय येत नाही. परचेसवाला माणूस एमबीए आहे, पण चार हजारांचं बेअरिंग घ्यायला पण तो मालक साईटवरून यायची वाट बघतो, तोवर मशीन बंद. त्याला विचारा “तू घेऊन टाक ना, तुला अधिकार आहे ना,” तर म्हणतो, “आहे, पण नाही घेत कोणी.” या ‘नाही घेत कोणी’मध्ये सगळं आलं. गृहीत काय, तर पैशाच्या बाबतीत मालकाशिवाय कोणावर भरवसा ठेवता येत नाही. मालकाला हे म्हटलं तर तो मनापासून नाही म्हणेल, कारण त्यानं अधिकार खरंच कागदावर दिलेत. फक्त ज्यानं पहिल्यांदा ते वापरले होते त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, “इतकी घाई काय होती?”

मग हे शिकवतं कोण?

भिंतीवरचा बोर्ड शिकवत नाही, नवीन माणसाचं इंडक्शन ट्रेनिंग शिकवत नाही. लोक तीन गोष्टींकडे बघून शिकतात, शाबासकी कशाला मिळाली, बोलणी कशावर बसली, आणि कशाकडे बघूनही कानाडोळा झाला. यातली तिसरी सगळ्यात जबरदस्त, आणि तिची नोंद कुठंच होत नाही.

संध्याकाळचे साडेसहा. शिफ्ट संपलीय, पोट्टी बॅग भरून निघाली, खापरीहून मेट्रो पकडायचीय. टीम लीड खुर्चीतून न उठता हसत म्हणतो, “काऊन, आज हाफ डे का?” आजूबाजूचे दोघं-तिघं पण हसतात. मजाकच आहे, त्याच्या मनात काही वाईट पण नसेल. पण त्या एका वाक्यात त्या जागेवरच्या सगळ्यांना टाइमटेबल कळलं. उद्यापासून ती साडेसहाला स्क्रीन बंद करणार नाही, बॅग टेबलाखाली ठेवणार, लीड उठला की उठणार. काम वाढलं का? नाही. चार ते साडेपाच जरा आरामात होणार आता, कारण थांबायचंच आहे तर घाई कशाला. अशा जागी आठवड्याला ७० तास भरतात बरं का, आणि त्यात ४० तासांचं काम असतं.

आता हे कोणत्या पॉलिसीत पकडणार तुम्ही? ‘हाफ डे का’ असं विचारू नये असं सर्क्युलर काढता येत नाही.

याच्या उलटंही चालतं. एका टीममध्ये मॅनेजर बाई रोज सहाला उठतात, मोठ्यानं “चला, मी निघते” म्हणतात आणि खरंच निघतात, रात्री मेसेज टाकत नाहीत. महिन्याभरात तिथं सहानंतर दिवे बंद. त्यांनी कोणाला घरी जा म्हणून सांगितलं नाही.

एकाच छताखाली दोन कल्चर?

असतातच. आपण म्हणतो अमुक कंपनीचं कल्चर खराब, पण मोठ्या संस्थेत ते मजल्यागणिक बदलतं. सरकारी ऑफिसचंच घ्या. राज्य सरकारनं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, बदल्यात रोजची वेळ वाढवून ९.४५ ते ६.१५ केली. नियम तोच, वेतन आयोग तोच, बायोमेट्रिक तेच. तरी नागपुरात सरकारी ऑफिसांच्या सिव्हिल लाइन्समध्ये एकाच आवारात एका ऑफिसला दहाच्या आत खिडकी उघडी मिळते आणि दुसऱ्यात अकराला साहेबांची खुर्ची ‘आत्ताच उठले’ अशा अवस्थेत असते. फरक बहुतेक वेळा एका अधिकाऱ्याचा असतो, जो स्वतः वेळेवर येतो आणि फाईलवर ‘चर्चा करावी’ लिहून ती परत न ढकलता खरंच बोलावून चर्चा करून टाकतो. त्याची बदली झाली की सहा महिन्यांत खिडकी परत अकराला. बदलीनंतर परत गेलं म्हणजे मुळात कल्चर बदललंच नव्हतं, एका माणसाचा धाक होता, दोन्ही गोष्टी वरून सारख्या दिसतात म्हणून गल्लत होते.

हे एवढं गंभीर घ्यायचं का? ऑफिसच तर आहे

घ्यायचं. कारण यात माणसं मरतात, अक्षरशः.

पॉवर प्रेस पाहिलंय का कोणी? पत्रा कापायचं, वाकवायचं मशीन. नीट बसवलेलं असलं तर दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणं एकदम दाबल्याशिवाय ते खाली येत नाही, म्हणजे दाबताना हात आत असूच शकत नाही. सोपी, हुशार सोय. पण त्यामुळं प्रत्येक पीसमागं दोन-चार सेकंद जास्त जातात. महिनाअखेर आली, डिस्पॅच अडकलंय, मग एका बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवायचं, एका हातानं पत्रा सरकवायचा, एका हातानं दाबायचं. सुपरवायझर समोरून जातो. त्याला पट्टी दिसते. तो काही बोलत नाही, टार्गेट त्याच्याही डोक्यावर आहे. त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. तीन महिने काही होत नाही, मग ती पट्टी पट्टी राहत नाही, ती ‘पद्धत’ होते, आणि नवीन आलेला कॉन्ट्रॅक्टवाला पोरगा पहिल्या दिवसापासून तसंच शिकतो. बोटं जातात तेव्हा चौकशीत लिहिलं जातं, कामगाराचा निष्काळजीपणा. आणि भिंतीवर पिवळ्या अक्षरात सेफ्टी फर्स्ट.

समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी नेमकी हीच गोष्ट नासाच्या चॅलेंजर यानाच्या स्फोटाचा अभ्यास करून मांडली. जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. थंडीत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी रिंगा नीट काम करणार नाहीत अशी भीती इंजिनियर लोकांनी आदल्या रात्री सांगितली होती. त्या रिंगांना आधीच्या उड्डाणांतही इजा झालेली होती, पण यान सुखरूप परत आलं म्हणून दर वेळी ‘एवढं चालतं’ची रेघ जरा पुढं सरकत गेली.

सतरा वर्षांनी परत. कोलंबिया, आपली कल्पना चावला ज्यात होती ते. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण झालं तेव्हाच इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. फोम तर आधीच्या उड्डाणांतही निघायचा, काही होत नव्हतं. खालच्या इंजिनियरांना शंका होती, त्यांनी पंखाचे फोटो मिळावेत म्हणून विनंत्या केल्या, त्या वर जाता जाता विरल्या. एकानं तर कडक शब्दांत ईमेल लिहून ठेवली आणि पाठवलीच नाही. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं. चौकशी समितीनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहवाल दिला, त्यात सरळ लिहिलंय की या अपघाताला फोम जितका कारणीभूत तितकंच नासाचं संस्थेतलं कल्चर. जगातले सगळ्यात हुशार इंजिनियर, पैशाची कमी नाही, नियमांची जाडजूड पुस्तकं, आणि तरी एक माणूस लिहिलेली ईमेल पाठवू शकला नाही. माझ्या मते कल्चर काय चीज आहे हे समजायला ती न पाठवलेली ईमेल पुरेशी आहे.

“पण आपले लोकच तसे आहेत त्याला काय करणार”

हे मालक लोकांचं आवडतं वाक्य, नागपुरात तर जरा जास्तच. पोट्टे काम नाही करत, आरामात असतात, दुपारी झोपतात वगैरे.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथं जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, संप, खराब गाड्या यासाठी बदनाम, १९८२ मध्ये बंदच केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनं मिळून तिथंच नवा कारखाना सुरू केला आणि कामावर घेतले बरेचसे तेच जुने कामगार, युनियन पण तीच. थोड्याच काळात त्यांच्या गाड्यांची क्वालिटी जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ गेली. काय बदललं? बऱ्याच गोष्टी, पण एक सांगतो. लाइनच्या वर एक दोरी होती. कोणत्याही कामगाराला काही चुकतंय वाटलं की त्यानं ती ओढायची, टीम लीडर धावत येणार, आणि वेळेत सुटलं नाही तर अख्खी लाइन थांबणार. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं हे पाप होतं, खराब गाडी पुढं गेली तरी चालेल. इथं दोरी ओढणाऱ्याला विचारायचे, “काय अडलं, मदत काय करू?” माणूस तोच, मागचा हॉर्न बदलला.

आणि हे पण ऐका, जनरल मोटर्सला हीच पद्धत आपल्या बाकीच्या कारखान्यांत न्यायला वर्षानुवर्षं जमलं नाही. दोरी टांगणं सोपं असतं, ती ओढणाऱ्यावर न खेकसणं अवघड.

अमेरिका लांब वाटत असेल तर नागपुरातल्या गांधीसागर तलावापाशी या. जिथं आज एम्प्रेस मॉल आहे तिथं जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल होती, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. तेव्हा मुंबईच्या गिरण्या सोडून नागपुरात गिरणी काढणं वेडेपणा समजला गेला होता. इथंही तीच रड होती, मजूर टिकून येत नाहीत, हजेरी पडते. टाटांनी आणि त्यांचे मॅनेजर बेजनजी मेहता यांनी दंडावर भर न देता बक्षिसं ठेवली, गिरणीत हवेसाठी आणि आगीपासून बचावासाठी यंत्रणा बसवली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात झाला तर भरपाई सुरू केली. देशात अपघात भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये. म्हणजे कायदा यायच्या २८ वर्षं आधी आपल्या गावात हे चालू होतं, आणि ते करणारा काही धर्मादाय उघडून बसला नव्हता, त्याला कापड विकून नफाच कमवायचा होता. तेव्हाचे मजूर काही आकाशातून पडले नव्हते, इथलेच होते.

“हे सगळं फॉरेनचं आहे, इथं साहेब म्हणजे साहेब”

या आक्षेपात दम आहे, उडवून लावण्यासारखा नाही. हॉलंडचे गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून एक मोजमाप काढलं होतं, की त्या देशातल्या लोकांना वरचा-खालचा हा फरक किती नैसर्गिक वाटतो. आकडा जितका जास्त तितका साहेब जास्त मोठा. भारत ७७, अमेरिका ४०, डेन्मार्क १८. एकाच कंपनीतल्या लोकांवरून अख्खा देश ठरवणं कितपत बरोबर यावर पुष्कळ वाद झालेत, पण आपल्या ऑफिसात बसून बघा, ७७ काही खोटा वाटत नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी चुकीचा आकडा सांगितला की दहा लोक मान खाली घालून वहीत लिहून घेतात, आणि बाहेर पडल्यावर टपरीवर तर्री पोहे खाताना तोच आकडा किती चुकीचा आहे यावर अर्धा तास चर्चा करतात. माहिती होती. ती फक्त पोह्यांपर्यंतच पोचली.

म्हणून डेन्मार्कसारखं साहेबाला नावानं हाक मारा वगैरे इथं आणून काही होत नाही, उलट ‘कॉल मी बाय फर्स्ट नेम’ म्हणणाऱ्या साहेबाला लोक जास्तच घाबरतात, याच्या मनात काय आहे कळत नाही म्हणून. आपल्याकडे मान ठेवूनच बोलायची सोय करावी लागते. मी जिथं चालताना पाहिलंय तिथं साहेब शेवटी बोलतो, आधी सगळ्यात ज्युनियर माणसाला विचारतो, कारण साहेब एकदा बोलला की नंतर कोणी वेगळं बोलणारच नाही, ते उद्धटपणा वाटतं. “सर, तुमचं बरोबरच आहे, फक्त एक शंका होती” अशा वळणानं आलेलं वाक्य ऐकायची सवय असलेला साहेब लागतो. त्या ‘फक्त एक शंका’मध्ये कधी कधी पूर्ण प्रोजेक्ट बुडत असतो.

आणि हां, ‘आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य. काही ठिकाणी ते खरं असतं, मालक कामगाराच्या पोरीच्या लग्नाला पैसे देतो, रात्री दवाखान्यात येऊन बसतो, हे मी बघितलेलं आहे आणि मोठ्या कंपनीत ते मिळत नाही. पण तिथंच ओव्हरटाइम मागणं म्हणजे बापाकडे हिशेब मागितल्यासारखं होतं. दोन्ही एकाच कल्चरच्या बाजू आहेत, एक घेऊन दुसरी टाकता येत नाही.

“मग काय सगळ्यांशी गोडच बोलत बसायचं? चुका कोण पकडणार?”

हार्वर्डच्या एमी एडमंडसन पीएचडी करताना हॉस्पिटलमध्ये औषध देण्यातल्या चुका मोजत होत्या. अंदाज असा की चांगल्या टीममध्ये चुका कमी असणार. आकडे उलटे आले, ज्या टीम चांगल्या त्यांच्या चुका जास्त. नंतर लक्षात आलं की त्या चुका जास्त करत नव्हत्या, त्या चुका सांगत होत्या. बाकीच्या वॉर्डात नर्स चूक दाबून टाकायच्या, कारण सांगितलं तर हेड काय करेल हे माहीत होतं. यातूनच पुढे १९९९ मध्ये त्यांनी टीममधल्या ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ची कल्पना मांडली, म्हणजे प्रश्न विचारला, चूक कबूल केली, वेगळं मत दिलं तर आपली इज्जत किंवा नोकरी जाणार नाही एवढी खात्री.

यात गोड बोलणं कुठंच नाही. उलट जिथं ही खात्री असते तिथं लोक एकमेकांशी जास्त स्पष्ट बोलतात. ज्या ऑफिसात कधीच वाद होत नाहीत, सगळे ‘हो सर, छान सर’, रोज सकाळी ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो, तिथलं कल्चर चांगलं आहे असं समजू नका, तिथं बोलणं पोह्याच्या टपरीवर होत असतं.

तासांचं काय मग? ७० तास म्हणजे खराब कल्चर?

नुसत्या तासांवरून कळत नाही. ३१ जुलैच्या आसपास रिटर्न भरायच्या धावपळीत कोणत्याही सीएच्या ऑफिसात बघा, डिसेंबरात अधिवेशन नागपुरात असतं तेव्हा इथल्या सरकारी लोकांचं बघा, रात्री उशिरापर्यंत बसतात, आणि त्यातले कित्येक जण त्यावरच वर्षभर मजेदार किस्से सांगतात. सीझन संपतो, साहेब सुट्टी देतो, हिशेब बरोबर होतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की उद्या एखादा नाही म्हणाला, म्हणजे घरी आजारपण आहे म्हणाला, तर पुढच्या आठवड्यात त्याच्याशी लोक कसे वागतात. आणि जास्तीच्या तासांचे पैसे मिळतात का. कायद्यात कामगारासाठी आठवड्याला ४८ तास आणि वर गेलं तर दुप्पट दरानं ओव्हरटाइम हे कधीपासूनच आहे, नवीन लेबर कोडमध्येही आहे. कागद कधीच कमी नव्हता.

जॉईन व्हायच्या आधी ओळखायचं कसं?

वेबसाइट बघू नका. गेटवर लवकर जा, बाहेर चहावाला असतोच, त्याला माणसं किती दिवस टिकतात हे एचआरपेक्षा चांगलं माहीत असतं, आणि कॅबवाल्याला रात्री शेवटची फेरी किती वाजता होते हे. इंटरव्ह्यूला अकराला बोलावून दीडला आत घेतलं आणि कोणी सॉरी पण म्हणालं नाही तर ते लक्षात ठेवा, हे तर तुमच्याशी चांगलं वागायचे दिवस आहेत. प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा “इथलं कल्चर कसं आहे” असं विचारायचं नाही, त्याला ठरलेलं उत्तर येतं. विचारायचं की मागच्या वेळी कोणाचं प्रमोशन झालं आणि त्यानं काय केलं होतं. किंवा, मागच्या वर्षी काही मोठं चुकलं तेव्हा काय झालं. “आमच्याकडे चुका होत नाहीत” असं उत्तर आलं तर चूक सांगणाऱ्याचं तिथं काय होतं हे समजून घ्या.

आणि सोडून गेलेल्या माणसाला शोधा, नागपुरात दोन फोनवर कोणीही सापडतो. त्याला एकच विचारा, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, कधी मिळालं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा आहे. बऱ्याच ठिकाणी अकाउंट्सवाला अजून पण शांतपणे सांगतो, “पंचेचाळीस दिवस लागतात, सगळ्यांनाच लागतात.” जाणाऱ्याचं आता कंपनीला काही काम नसतं, त्यामुळं त्याच्याशी कसे वागले हे तोच खरं सांगेल, फक्त त्याला संध्याकाळी फोन करा, सध्याच्या ऑफिसात तो मोकळं बोलू शकत असेलच असं नाही.